हाताने दाबून घेतलेली सायकल

सोफे शिवणाऱ्या माणसाचं निम्मं शहाणपण तळहातात असतं, आणि वन्संच्या तळहाताला तर त्याचा थोडा गर्वही होता. गिऱ्हाईक एखादी खुर्ची घेऊन आलं की त्या कापडाकडे बघायच्याही नाहीत. बैठकीवर हात टेकायचा, दाबायचा, काढायचा. चांगला फोम हात काढल्याबरोबर वर येतो. जो आळस देत देत उठतो, तो मेलेला. या एका कसोटीवर वन्संनी उभं आयुष्य दुकान चालवलं होतं आणि हात कधी खोटा पडला नव्हता.

वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हे. थोरल्या भावाची बायको लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या दारातून तिने तशी हाक मारली. ती आत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनी ऐकली, त्यांच्याकडून गल्लीने उचलली, आणि आता कुरिअर आणणारा मुलगासुद्धा 'वन्सं, सही करा' म्हणायचा. नणंद एकीची, पण वन्सं सगळ्या गल्लीच्या.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांच्या कमरेचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "दोन मणक्यांमधली गादी झिजली आहे."

"झिजली तर बदलून टाकू," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. चाला, पोहा, सपाट रस्त्यावर काय हवं ते करा, पण टेकडीवरची सायकल बंद, असं त्यांनी सांगितलं. उतारावर दगडांचे जे हिसके बसतात ते ही कंबर सोसणार नाही. अगदीच ऐकायचं नसेल, तर हिसका तुमच्यापर्यंत पोचणार नाही अशी काहीतरी सोय करा.

वन्संनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं.

टेकडी सोडणं त्यांना जड नव्हतं. टेकडी म्हणजे काही कोणी नातेवाईक नव्हे. पण रविवारी टेकडीवर त्यांच्याबरोबर वहिनी असायची, आणि घोडं तिथे अडत होतं. भाऊ होता तोवर या नणंद-भावजयींचं विळ्या-भोपळ्याएवढं सख्य होतं. दोघींनी एकमेकींच्या स्वयंपाकाला, पडद्यांना आणि पाहुण्यांना यथेच्छ नावं ठेवली होती. भाऊ गेला. महिनाभराने वहिनी त्याची सायकल हाताने ढकलत दुकानाशी आली आणि म्हणाली, "वन्सं, मला टेकडीवर न्या." तेव्हापासून एकही रविवार चुकला नव्हता.

एरवी मात्र दोघी फोनसुद्धा करत नसत. वहिनी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. तिला मूल नव्हतं, वन्संनी लग्न केलं नव्हतं. मधला माणूस निघून गेल्यावर दोघींना बांधून ठेवायला फक्त रविवार उरला होता. तोही गेला तर वहिनी भांडून जाणार नाही, नुसतीच दिसेनाशी होईल, याची वन्संना भीती वाटत होती. म्हणून कमरेचं त्यांनी तिला सांगितलंच नाही. जुनी सायकल खडखडते, नवी घ्यायची म्हणते, एवढंच सांगितलं.

पुढचा आठवडाभर काम संपलं की त्या मोबाइल घेऊन बसत. त्यांची जुनी सायकल पुढे-मागे कडक होती. पुढे हिसका शोषणारा दांडा असतो, तो अनेक सायकलींना मिळतो. पण मागच्या चाकालाही तशीच सोय असलेली, जिला 'फुल सस्पेंशन' म्हणतात, ती सायकल म्हणजे प्रकरणच निराळं. चांगल्या कंपनीची नवी कोरी घ्यायची तर दुकानातला कापडाचा साठा विकायला लागला असता. अंथरूण पाहून पाय पसरावे हे गादीवाल्यांना कोणी शिकवायला नको. राहिले दोन रस्ते: एक तर कमी पैशातली नवी, नाहीतर चांगल्यातली पण वापरलेली.

सायकलचं दुकान एका गॅरेजमध्ये होतं. वन्संबरोबर सायकल बघायला वहिनीही आली होती. दुकानदार तरुण होता आणि त्याच्या नखांत ग्रीस होतं. वन्संची गरज आणि त्यांचं बजेट ऐकून त्याने दोन सायकली पुढे आणल्या. एक नवी, लाल, मागे बोटाएवढ्या जाड तारेची चकचकीत स्प्रिंग. दुसरी राखाडी, दोन मालक झालेली, रंग उडालेली. तिच्या मागे स्प्रिंगच नव्हती, काळी नळी होती आणि तिच्यावर एक रबरी कडी.

वन्संनी लाल सायकलच्या सीटवर तळहात ठेवला आणि दाबला. सीट लोण्यासारखी खाली गेली. हात काढला, तशी टुणकन वर आली.

मग त्यांनी राखाडी दाबली. आधी ती बसेचना. जोर लावल्यावर बसली, आणि हात काढल्यावर सावकाश, जणू विचार करत, वर आली.

"मेलाय हा," वन्संनी निकाल दिला.

"नाही हो, बरोबर चालतोय," दुकानदार म्हणाला. "या नळीत हवा असते. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची. आणि त्यानं हळूच वर यायला हवं. पटकन उठला तर तुम्हाला फेकून देईल. हाताने नका बघू, बसून बघा."

"दाबलेली वस्तू पटकन उठायला हवी. उभा जन्म तेच केलंय मी."

"सोफा एका जागी असतो, ताई."

"वन्सं, त्यांचं ऐका की जरा," वहिनी म्हणाली. ती वाकून राखाडी नळीकडे बघत होती. "रोज हेच विकतायत ते."

तेच तर, असं वन्संच्या मनात आलं. अडकलेला जुना माल गळ्यात कसा मारतात हे त्यांना दुकानदारीतलंच माहीत होतं. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा चांगली वस्तू दाखवायची आणि मग न खपणारीचं कौतुक करायचं. त्यांनी स्वतःही न खपलेलं जांभळं रेक्झिन असंच कोणाकोणाच्या खुर्च्यांना चढवलं होतं. त्यामुळे दुकानदार जितकं समजावत गेला, तितका त्यांचा संशय पक्का होत गेला. जुनी सायकल बदल्यात देऊन, गल्ल्यातली गंगाजळी रिकामी करून त्यांनी लाल सायकल घेतली. दुकानदाराने खांदे उडवले आणि पावती फाडली.

रविवारी पायथ्याशी वहिनीने लाल सायकलकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि "छान दिसते" एवढंच म्हणाली. चढ सुरू झाला आणि वन्संना कळलं की आपण सायकलवर नाही, स्प्रिंगच्या गादीवर बसलो आहोत. पाय खाली गेला की सीट खाली, पाय वर आला की सीट वर. पायातलं निम्मं बळ चाकापर्यंत पोचतच नव्हतं, वाटेत स्प्रिंगच खाऊन टाकत होती. नेहमी त्या पुढे असत आणि वहिनी मागे. आज वहिनीला तीनदा थांबावं लागलं. तिने कारण विचारलं नाही, आणि वन्संही मूग गिळून पायडल मारत राहिल्या.

उतार तरी सुखाचा जाईल, अशी त्यांची आशा होती. पहिल्या दगडावर मागचं चाक आदळलं, स्प्रिंग तळापर्यंत दबली आणि दुसऱ्या क्षणी टुणकन उठली. सीटने वन्संना खालून असा तडाखा दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या दगडावर तेच. तिसरा दगड त्यांनी येऊ दिला नाही. ब्रेक दाबले, सायकल झुडपात आडवी केली आणि वाटेच्या कडेला, खडकाला पाठ लावून बसल्या.

वहिनी मागून आली. "चेन उतरली का?"

"चेन नाही. कंबर."

"म्हणजे?"

वन्संनी सांगून टाकलं. कमरेचा फोटो, झिजलेली गादी, डॉक्टरांनी बंद केलेली टेकडी. सगळं सांगून झाल्यावर त्यांना आपण केवढा मूर्खपणा केला ते पहिल्यांदा नीट दिसलं.

वहिनी संतापली. "आणि हे मला आत्ता सांगताय? इथेच लुळ्या पडला असतात तर मी काय करणार होते? खांद्यावर टाकून नेणार होते?"

"सांगितलं असतं तर तू यायचं बंद केलं असतंस."

"मग?"

"मग काय? दादा होता तेव्हा तरी आपलं कुठे पटत होतं? आता तो नाही. टेकडीपण नसली तर तू कशाला येशील माझ्याकडे? सुरुवातीला फोन करशील. नंतर तोही नाही. मला तुझी सवय झाली आहे, वहिनी. मला ती मोडायची नाही."

एवढं सरळ वन्सं आजवर कोणाशीही बोलल्या नव्हत्या. वहिनीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला.

"मला या टेकडीची भीती वाटते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. उताराला मी ब्रेकवरचा हात काढतच नाही."

"मग येतेस कशाला?"

"तुम्ही पुढे असता म्हणून." ती शेजारी बसली. "ह्यांच्या मागे रविवारी घरात बसवत नव्हतं. ह्यांच्यासारखं बोलणारं, ह्यांच्यासारखं हट्टी माणूस दुसरं कोण आहे? टेकडी नसती तर तुमच्या दुकानात येऊन टाके घालत बसले असते."

वहिनीने झुडपातली लाल सायकल बाहेर ओढली आणि तिच्या चाकांच्या काड्या मोडल्यात का ते बघितलं.

"ती जुनी राखाडी अजून असेल तिथे," ती म्हणाली. "ही परत देऊन ती घेऊ."

"ही परत दिली तर तो काय पूर्ण पैसे देणार आहे? शिवाय गल्ला रिकामा आहे."

"ह्यांची सायकल आहे ना. ती विकू."

"दादाची सायकल विकायची नाही."

"का म्हणून? तुमचा भाऊ असेल, पण सायकल माझ्या नवऱ्याची आहे."

हा जुना भांडणाचा सूर होता. एकेकाळी या सुराने वन्संच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आज तो ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की पुढचं उत्तर जरा उशिरा सुचलं.

"मग तू कशावर येणार?"

"चालत. चढाला तुम्ही सायकल चालवा, मी शेजारून चालते. तुमचा वेग काही फार नाही, आजच बघितला. अर्ध्यावर बदलू. ती राखाडी हिसके थांबवते की नाही हे मात्र आधी त्या डॉक्टरांना विचारायचं, आणि मी बरोबर येणार."

डॉक्टर कुरकुरले. मग, मोठे दगड टाळायचे आणि दुखलं की त्याच क्षणी उतरायचं, एवढ्या अटीवर त्यांनी परवानगी दिली. सायकलचा दुकानदार त्यांना पाहून हसला नाही, हे त्याचे उपकारच. त्याने लाल सायकल कमी भावात परत घेतली. भावाची सायकल उलटसुलट करून पाहिली आणि तिला बरी किंमत सांगितली. वहिनीने त्यावर घासाघीस करून ती आणखी वाढवली. एकीकडे हा हिशेब चालू असताना दुकानदाराचा माणूस ती सायकल आतल्या बाजूला ढकलत घेऊन गेला. वन्संना रडू आलं आणि त्या रडल्या. वहिनीने हिशेब न थांबवता त्यांच्या हातात रुमाल दिला.

मग दुकानदाराने वन्संना राखाडी सायकलवर बसवलं. एका छोट्या पंपाने नळीत हवा भरली, थोडी काढली, पुन्हा भरली. बसल्यावर रबरी कडी नळीवर थोडीशीच सरकली पाहिजे, ना जास्त ना कमी, हे दाखवलं. माणूस बदलला की हवा बदलायची, एवढं विसरू नका, असं म्हणून त्याने पंपही बरोबर दिला.

पुढच्या रविवारी वन्सं राखाडी सायकलवर आणि वहिनी पायी, अशा दोघी निघाल्या. सीट हलत नव्हती. दगड चाकाखाली येत होते आणि तिथेच विरत होते. आणखी एक गोष्ट झाली. दोघी सायकलवर असताना धापांमुळे कधी बोलणंच व्हायचं नाही. आता एकीला चालायचं होतं, दुसरीला तिच्या चालीने जायचं होतं. वहिनीने भावाच्या शेवटच्या आजारपणातल्या गोष्टी काढल्या. त्याने नर्सशी घातलेली हुज्जत, सोफ्याच्या उशीसाठी धरलेला हट्ट, वन्संना बोलावू नका, ती दुकान बंद करून येईल, असं त्याचं म्हणणं. हे वन्संना कोणी सांगितलंच नव्हतं. अर्धी वाट कधी संपली ते कळलं नाही.

वन्सं उतरल्या. सीट खाली-वर करून झाली. पंप नळीला लावला.

"वजन सांग."

वहिनीने मागे-पुढे पाहिलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. मग तिने हळूच एक आकडा सांगितला.

वन्संनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. खुर्चीत कोण बसणार हे पाहून फोम निवडण्यात त्यांचा जन्म गेला होता. हा आकडा बहुतेक लग्नातला होता. पंपाच्या काट्याकडे बघत त्यांनी वहिनीच्या आकड्यापुरती हवा भरली, आणि मग न मोजता आणखी थोडी.

वहिनी बसली. कडी हवी तिथेच थांबली.

"बघा," वहिनी म्हणाली, "बरोबर सांगितलं होतं ना मी?"

"अगदी बरोबर," वन्सं म्हणाल्या, आणि तिच्या शेजारून चालू लागल्या.