मी कंपनीची किटली नव्हे

त्या मंगळवारी सकाळी दोर्सिलाने मला सिंकखालून बाहेर काढले. तीन वर्षे मी तिथे पडून होते, पोटात फरशी पुसायच्या चिंध्या घेऊन. तिने चिंध्या काढल्या, वाळू आणि लिंबाची साल घेतली आणि मला घासायला बसली. गुडघा दुखायचा म्हणून ती मधूनमधून उठून उभी राहत होती.

"पंधरा दिवसांनी तुला मेजावर मांडणार आहेत, म्हातारे," ती मला म्हणाली. "पांढऱ्या कापडावर. एवढं पांढरं कापड माझ्या लग्नातसुद्धा नव्हतं."

थोड्या वेळाने कंपनीतली अविनो रिकामा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या मागे पाणी प्यायला आलेला एक मुलगा उभा होता.

"एक कॉफी, मामा चाय," अविनो म्हणाली.

तो मुलगा गेल्यावर दोर्सिलाने हळूच विचारले, "खाल्लंस का काही?"

"हो. नंतर बोलू," अविनो म्हणाली. तिची नजर दाराकडे होती.

त्या दिवशी आणखी काही घडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर यायला निघालेली दोर्सिला गाडीच्या थांब्यावर कोसळली आणि दुपारच्या आत गेली.

मित्रांनो, मी एक जुनी, पोचे पडलेली किटली आहे. आपली कहाणी सांगताना वस्तूने नम्रपणे बोलावे, कुणाला दोष देऊ नये, अशी रीत आहे. मला ती पाळता येणार नाही. मला राग आला आहे आणि तो का आला हे तुम्ही नीट ऐकून घ्यावे अशी माझी इच्छा आहे.

आधी एक सांगते. आमच्या किसुमू शहरात आईला 'मामा' म्हणतात, तेव्हा हसू नका. बाईला मूल झाले की लोक तिला तिच्या पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारू लागतात. मामा अमका, मामा तमकी. हा तिचा मान असतो. पण 'चाय' हे कुणाच्याही लेकराचे नाव नाही. ते माझ्या पोटातल्या पेयाचे नाव आहे.

माझा जन्म पत्रेवाल्यांच्या ओळीत झाला, उघड्यावर, दुपारच्या उन्हात. एका कारागिराने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला दिवसभर हातोडीने ठोकून मला आकार दिला. माझी नळी किंचित डावीकडे झुकली. "वाकडी झाली," तो म्हणाला. "चहा सरळ पडतो ना, मग झालं," असे म्हणून दोर्सिलाने मला उचलले. किबुये बाजाराच्या फाटकाशी तिची चहाची जागा होती: एक शेगडी, एक बाक आणि मी. दूध, पाणी, पत्ती आणि आले एकत्र उकळून ती माझ्यात ओतायची.

त्या बाकावर दोन तरुण येऊन बसू लागले. एक ओग्वेनो, दुसरा वाफुला. दोघांच्या मांडीवर संगणक. एक-एक कप चहा घ्यायचे आणि दुपारपर्यंत हलायचे नाहीत.

"मुळं फुटतील तुम्हाला तिथे," दोर्सिला म्हणायची.

"मामा, आम्ही कंपनी काढतोय," ओग्वेनो सांगायचा.

"काढा की. पण आधी पाय आत घ्या, गिऱ्हाइकं अडखळतात."

पण तिने त्यांना कधी उठवले नाही. पावसाची सर आली की आपली ताडपत्री ती त्यांच्या संगणकांवर धरायची आणि स्वतः भिजायची. पुढे त्यांनी बाजारामागे एक खोली घेतली तेव्हा ते तिला म्हणाले, "मामा, तू पण चल." ती गेली. बाक, शेगडी आणि मला घेऊन गेली. हे लक्षात ठेवा. मी तिच्यासोबत गेले. मला कंपनीने आणले नव्हते.

त्यांचे काम असे होते. शहराला लागून असलेल्या सरोवराकाठच्या बायका ओमेना नावाची बारीक मासळी वाळवून विकतात. आज कोणत्या काठावर काय भाव आहे हे त्यांना साध्या फोनवर कळावे, असा संगणकाचा प्रोग्राम या दोघांनी लिहिला होता. बायकांनी आपल्याकडे किती माल आहे ते कळवायचे, की उलट निरोपात भाव यायचा. महिना झाला तरी एकाही बाईने काही कळवले नाही.

"बायकांना समजत नाही, त्याला काय करणार," ओग्वेनो म्हणाला.

"दाखव बघू," दोर्सिलाने आपला बटणांचा फोन पुढे केला. निरोप वाचला आणि ती हसतच सुटली. "हे कोण विचारतंय? सरकार?"

"का गं, मामा?"

"तुमच्याकडे किती किलो आहे, म्हणे. ओमेना किलोवर कोण विकतं? काठावर तराजू घेऊन कोण येतं माहीत आहे ना? करवाला. बाई कशाला उत्तर देईल त्याला? गोरोगोरो विचार. किती डबे, ते विचार. आणि डबा सपाट की वर रास करून, तेही विचार, नाहीतर भांडणं होतील."

मित्रांनो, त्या दोघांच्याही आया तेलाच्या रिकाम्या डब्याने, त्या गोरोगोरोनेच, धान्य मोजत आल्या होत्या. दोघेही डब्याने मोजलेले खाऊन मोठे झाले होते. पण शाळेत किलो शिकवला होता, म्हणून त्यांनी किलो लिहिला.

त्यांनी किलो पुसून डबा लिहिला. पुढच्या सोमवारी एकाच काठावरून चाळीस बायकांनी माल कळवला. त्या दिवशी खोलीत पहिला उत्सव झाला. दोर्सिलाने मांदाझी, आमच्याकडच्या गोड फुगीर पुऱ्या, तळल्या. शेजारचा शिंपी आला, वरच्या मजल्यावरची शिक्षिका आली. ओग्वेनोने पहिला कप आपल्याकडे ओढला, तेव्हा दोर्सिलाने तो त्याच्या हातून काढून घेतला आणि फाटकावरच्या राखणदाराला नेऊन दिला. "आपण आत नाचतोय ते तो बाहेर उभा आहे म्हणून," ती म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक चांगल्या बातमीचा पहिला कप राखणदाराचा.

दुसरी रीत वाफुलामुळे पडली. एकदा त्याच्या चुकीने प्रत्येक बाईला एकच निरोप सात वेळा गेला. काठावरून एक बाई फोन नाचवत आली. "माझा नवरा विचारतोय, हा कोण सात-सात वेळा आठवण काढणारा? त्याला तोंड दाखवायला सांगा." वाफुला संडासात लपून बसला होता.

दोर्सिलाने दार वाजवले. "बाहेर ये. तिथे बसून अजून कुणाला माफी मिळालेली नाही."

तो बाहेर आला. तिने मला त्याच्या हातात दिले. "ओत सगळ्यांना. तिलाही दे. ज्याच्या हातचा चहा प्यायला त्याला मग फार शिव्या देववत नाहीत."

त्या बाईने दोन कप घेतले आणि जाताना वाफुलासाठी स्थळ सुचवून गेली. त्या दिवसापासून ज्याची चूक त्याने चहा ओतायचा, असे ठरले. मग कुणी चूक लपवेना. उलट सकाळी येऊन मुले सांगायची, "किटली इकडे द्या, काल मी घोळ घातलाय." ती कंपनी मोठी झाली ती यामुळे. हे मला कुणी सांगितलेले नाही. मी त्यांच्या हातात होते.

चौथ्या वर्षी अविनो आली. प्रोग्राम लिहिण्याच्या परीक्षेत ती पहिली आली होती. आदल्या दिवशी मला घासता घासता दोर्सिला तिला म्हणाली होती, "इथे मला बाकीचे म्हणतात तेच म्हण, मामा चाय. नाहीतर लोक म्हणतील, पोरगी किटलीच्या नळीतून आत शिरली."

अविनो तिची मुलगी. एकुलती एक.

लेकीच्या कर्तबगारीवर कुणी शिंतोडे उडवू नयेत म्हणून आईने हे म्हटले. मला तिचा राग नाही. राग याचा आहे की अविनोने फार लवकर मान हलवली. तिने एकदा तरी 'नको' म्हणायला हवे होते. आई तेवढ्यासाठी थांबली होती. मला घासणारा तिचा हात थांबला होता, म्हणून मला माहीत आहे.

सातव्या वर्षी कंपनी काचेच्या इमारतीत गेली. कॉफीचे यंत्र आले आणि मी सिंकखाली गेले. माणसे सांभाळण्याच्या खात्यावर वांगेची नावाची बाई नेमली गेली. दोर्सिलाला कप धुवायला ठेवले. स्वयंपाकघरासमोरच्या भिंतीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिले गेले: 'जो चुकतो तो चहा ओततो.' खाली नाव ओग्वेनोचे. आता मात्र जो चुकायचा त्याला वांगेचीचे पत्र यायचे. चहा कुणी ओतत नव्हते. ओतायला होतेच काय? यंत्राचे बटण दाबायचे होते.

दोर्सिलाला इंग्रजी वाचता येत नव्हते. एकदा कुणी नसताना तिने अविनोला विचारले, "एवढं मोठं काय लिहिलंय गं भिंतीवर?"

"काही नाही. सजावट आहे," अविनो म्हणाली.

मी सिंकखाली होते, पण बहिरी नव्हते.

दोर्सिला गेली त्या संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर निरोप गेला की आपल्या लाडक्या मामा चाय आता नाहीत. अविनोने रजा मागितली. "कोण गेलं?" वांगेचीने विचारले. "घरातलं कुणीतरी," अविनो म्हणाली. कंपनीने पुष्पचक्र पाठवले. त्याच्या फितीवरही 'मामा चाय' असेच लिहिले होते. कामाची घाई होती, म्हणून पुरायला कंपनीतले कुणी गेले नाही.

दहा दिवसांनी अविनो परतली तेव्हा तिच्या डोक्यावर केस नव्हते. गावी थोरल्या काकूने उतरवले होते, घरातले माणूस गेले की उतरवतात त्या रीतीप्रमाणे.

"मस्त दिसतंय. नवीन फॅशन?" वांगेचीने विचारले.

"हो," अविनो म्हणाली.

वाफुला तिथेच पाणी पीत होता. वांगेची गेल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडे असे केस हौसेने कुणी काढत नाही. कोण गेलं तुझं?"

अविनोने कप धुतला. धुतलेलाच कप तिने पुन्हा धुतला आणि निघून गेली.

आणि मग कंपनीला दहा वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव. मला पांढऱ्या कापडावर ठेवले. पुढे एक पाटी: 'संस्थापकांची पहिली किटली.' माझ्यात यंत्रातली कॉफी ओतून ठेवली होती, ओतताना फोटोत चांगली दिसावी म्हणून. सरोवराकाठची एक म्हातारी मासेवाली, पहिल्या चाळिसांतली, फोटोसाठी बोलावली होती. तिला पुढच्या खुर्चीत बसवले होते.

ओग्वेनो बोलायला उभा राहिला. "एका सकाळी मी बाजारात उभा होतो. समोर एक बाई डब्याने ओमेना मोजत होती. आणि माझ्या डोक्यात आलं, किलो नाही, डबा."

"तुझ्या डोक्यात?" वाफुला मागून म्हणाला. "तुला तेव्हा चहात साखर किती घालायची तेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागायचं."

लोक हसले. ओग्वेनोही मनापासून हसला. "खरंय. मामा चायचीही मदत होती. देव तिला शांती देवो." आणि तो पुढच्या आकड्यांकडे वळला. मित्रांनो, तो मुद्दाम खोटे बोलत नव्हता. ती गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती की ती सकाळ त्याला खरोखर आठवू लागली होती. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याला निदान खरे काय ते ठाऊक असते. याला तेही उरले नव्हते, म्हणून मला त्याचा जास्त राग येतो.

मला घासून लखलखीत ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. चिंध्या भरून ठेवलीत तरी चालेल. मी पत्रा आहे, पत्र्याला दुखत नाही. पण ज्या माणसाच्या हातचे तुम्ही रोज खाता-पिता, त्याचे नाव विचारा. ते जिवंत असताना विचारा. आणि ते माणूस तुमचेच असेल, तर चारचौघांत ते आपले आहे असे म्हणायला मुहूर्त शोधू नका.

म्हातारी मासेवाली खुर्चीतून उठली. तिला भाषण अडवायचे नव्हते. तिला नुसते कळत नव्हते.

"थांब बाबा," ती ओग्वेनोला म्हणाली. "ती चहावाली. डब्याचं जिने सांगितलं, ती. मी तिच्या हातचा चहा प्यायलेय. तिच्यासाठी प्रार्थना करायची तर नाव लागेल ना? ती मामा कोण? कुणाची आई?"

ओग्वेनोने वांगेचीकडे पाहिले. वांगेचीने हातातले कागद चाळले. वाफुलाने मान खाली घातली. दहा वर्षांत त्यानेही विचारले नव्हते.

मागच्या रांगेतून अविनो उठली. सगळ्यांच्या गुडघ्यांना अडखळत पुढे आली आणि मेजाजवळ उभी राहिली. तिने पाटी उचलून पालथी ठेवली. मग ती म्हातारीकडे वळली.

"माझी," अविनो म्हणाली. "दोर्सिला तिचं नाव. ती माझी आई होती. सहा वर्षं रोज माझ्यासमोर होती आणि मी तिला इथे एकदाही आई म्हटलं नाही. ती मामा अविनो."