सबनीस सरांच्या वाटणीचं काम

"पाच चिठ्ठ्या माझ्या नावावर, आणि त्यातल्या तीन माझ्या नाहीतच," खालिद पुटपुटत होता. "फोडा म्हणे काम. फोडतात त्यांचं आणि वेचत बसतो आम्ही."

"हळू बोल ना," चैताली म्हणाली. "मॅडम पलीकडेच आहेत."

मॅडम पलीकडेच होत्या, आणि पलीकडे म्हणजे एका प्लायवूडच्या फळीपलीकडे. नारायण पेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात एक जण शिंकला तर तिघांनी खुर्च्या सरकवाव्यात, एवढीच जागा. हेमाने ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं आणि डबा उघडला. गवारीची भाजी होती. तिला गवार कधीच आवडली नव्हती, पण भाजी स्वतःच केलेली असल्यामुळे कुणाला बोलायचीही सोय नव्हती.

खालिदचं काही चुकत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती.

काम एका दूध संघाचं होतं. गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, त्याचं फॅट बघतात, त्यावर दर ठरतो. हे सगळं आजवर वहीत चालायचं. आता दोन हजार तीन साल, संघाच्या अध्यक्षांच्या मुलाने इंटरनेट पाहिलेलं. तेव्हा सगळ्या केंद्रांचं दूध एकाच ठिकाणी, ब्राउझरमध्ये दिसलं पाहिजे, असा हुकूम निघाला. संघाची माणसं नमुना बघायला येणार होती. पसंत पडला तर पुढचं सगळं काम मिळणार होतं. नाही पडला तर ऑफिस चालवणं अवघड आहे, असं मालकांनी तोंडावर सांगितलं होतं.

एवढं मोठं काम अंगावर आलं की माणूस घाबरतो. म्हणून ते फोडायचं. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावायच्या, एका चिठ्ठीवर एक तुकडा, त्याखाली एकाच माणसाचं नाव. जो तुकडा एका माणसाच्या हातून आठवड्यात संपत नाही, तो तुकडा नव्हे. तो परत फोडायचा. हा नियम सबनीस सरांचा.

अनिरुद्ध सबनीस पूर्वी पिंपरीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते. कारखान्याने त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते सांगत. दोन हजार साल उजाडताना जगभरच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करायच्या होत्या, आणि त्या जुन्या भाषा येणाऱ्या माणसांना अचानक नवऱ्यामुलाचा भाव आला होता. तेव्हा सर इथे आले. हेमा तेव्हा विश्रांतवाडीहून दोन बस बदलून येणारी, टायपिंगला ठेवलेली मुलगी. तिने टाइप करता करता एका कागदावरच्या दोन चुकांखाली पेन्सिलीने रेघ मारलेली सरांनी पाहिली.

"चूक कळते तुला," ते म्हणाले होते. "मग नुसती टाइप काय करत बसलीस?"

पुढची दोन वर्षं त्यांनी तिला शिकवलं. ऊस अख्खा कुणी खात नाही, आधी करवे करायचे, हे त्यांचंच वाक्य. आता हेमा टीमची प्रमुख होती आणि कागदोपत्री सर तिच्या हाताखाली. ते आत आले की ती अजून खुर्चीतून अर्धवट उठायची, आणि ते "बसा, बसा, प्रमुख" म्हणायचे.

पण ब्राउझरचं हे नवं प्रकरण सरांना वळेना. त्यांनी जाडजूड पुस्तकं आणली, त्यांना खाकी कव्हरं घातली, समासात बारीक अक्षरात टिपणं काढली. त्यांच्याकडे दूध नोंदवायचं पान होतं, सगळ्या कामाचा गाभाच तो. पहिल्या आठवड्याच्या शेवटी ते म्हणाले, "थोडं राहिलंय." हेमाने पाहिलं. थोडं झालं होतं.

मग नियम होताच. तुकडा संपला नाही ना, फोडा. तिने अर्धा खालिदला दिला. पुढच्या आठवड्यात उरलेला परत फोडून त्यातला अर्धा चैतालीला. नियमाबाहेरचं तिने काहीच केलं नव्हतं. सरांची चिठ्ठी मात्र दर शुक्रवारी लहान होत गेली, आणि ऑफिसातले सगळे त्यांच्याशी जास्त जास्त गोड बोलायला लागले. पुण्यात कुणी इतकं गोड बोलायला लागलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

सरही बदलले होते. पूर्वी खालिदचा प्रोग्रॅम बघून म्हणायचे, "वाचला. लिहिताना आपणही एकदा वाचला असता, तर माझा वेळ वाचला असता." आता नुसतं "छान" म्हणत. खालिदला ते "छान" टोमण्यापेक्षा जास्त लागायचं.

सरांना काय द्यायला हवं, तेही हेमाला ठाऊक होतं. ती एकदा त्यांना घेऊन एका केंद्रावर गेली होती. तिने प्रश्न विचारले तेव्हा तिथला माणूस "हाय की, हाय" एवढंच म्हणत होता. सर शेजारी बसले, म्हशींची चौकशी केली, आणि तासाभरात त्या माणसाने नासलेल्या दुधापासून उधारीच्या पेंडीपर्यंत सगळं सांगून टाकलं. संघाशी बोलणं, त्यांना काय हवं ते काढून घेणं, हे काम सरांचंच होतं. पण ते देण्यासाठी आधी हे ब्राउझरचं काम त्यांच्याकडून काढून घ्यायला हवं होतं, आणि काढून घेण्यासाठी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते वाक्य रोज सकाळी बसमध्ये तयार व्हायचं आणि जिना चढेपर्यंत विरून जायचं.

त्या शुक्रवारी मालकांचा फोन आला. संघाची माणसं लवकर येणार, मंगळवारीच. हेमाने घाईघाईने उरलेलं काम वाटलं आणि चिठ्ठ्या लावल्या. खालिदच्या नावावर आता सात होत्या. सरांच्या नावावर एक.

सर उठले, भिंतीपाशी गेले, चिठ्ठी काढून हातात घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून वाचली. 'नोंद पानावरच्या सूचनांचं शुद्धलेखन तपासणे.'

"हेमा, हे मोठं आहे गं," ते म्हणाले. "अजून फोडता येईल. स्वल्पविराम मी बघतो, पूर्णविराम खालिद बघेल."

कुणी हसलं नाही.

"तसं नाही सर," चैताली म्हणाली, "तुम्ही बाकीच्या कामात असता, म्हणून…"

"कुठल्या?"

चैतालीने खालिदकडे पाहिलं. खालिद बुटांची नाडी बांधायला वाकला. त्याच्या पायात चपला होत्या.

"महिन्यापूर्वी माझ्याकडे अख्खं पान होतं," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "ते कुठे गेलं?"

"वाटलं, सर," हेमा म्हणाली.

"का?"

उत्तर तिच्याकडे तयार होतं. आठवड्यात बसत नव्हतं, नियमाप्रमाणे फोडलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. सर तिच्याकडे बघत उभे होते, चिठ्ठी दोन बोटांत धरून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना काय हवंय ते तिला कळलं. त्यांना ते स्वतःच्या तोंडून काढता येत नव्हतं. हेही काम त्यांनी तिच्यावरच टाकलं होतं.

ती खुर्चीतून पूर्ण उठली.

"सर, हे काम तुम्हाला येत नाही," ती म्हणाली. "आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे."