जाळरेषेवरील वृक्षारोपण

जंगल आणि वस्ती यांच्यामध्ये बारा मीटर रुंदीचा एक मोकळा पट्टा होता, आणि तो मोकळा आहे हीच गोष्ट वरिष्ठ कार्यालयाला खुपत होती. वास्तविक तो मोकळा राहावा म्हणूनच आखला होता. हिवाळा सरताना त्यावरचे गवत कापायचे, वाळू द्यायचे आणि ऊन तापण्यापूर्वी दोन्ही बाजूंना माणसे उभी करून जाळून टाकायचे. म्हणजे पुढे जंगलात वणवा पेटलाच, तर इथवर आल्यावर त्याला खायला काही उरत नाही. याला जाळरेषा म्हणतात. सोळा वर्षांपूर्वी ती नव्हती. त्या उन्हाळ्यात वस्तीतली सात माणसे गेली. त्यांत आताच्या वनरक्षक बाईंचे वडील होते; तेही वनरक्षकच. सात माणसे गेल्यावर रेषा आखली गेली. आपल्याकडे कुठल्याही कामाला आधी कारण लागते.

तीन वर्षांपूर्वी कार्यालयाला वृक्षारोपणाचे उद्दिष्ट आले. बाराशे रोपे लावायची होती, आणि जंगलात रोपे लावण्यातली मुख्य अडचण अशी, की तिथे आधीच झाडे असतात. मोकळी जागा शोधणे भाग होते. नकाशावर ती एका सरळ रेषेत आयतीच सापडली. प्रमुख पाहुण्यांनी पहिले रोप लावले, त्याला झारीने पाणी घातले आणि दुसऱ्या झारीने स्वतःचे हात धुतले. मग प्रत्येक रोपाला क्रमांकाचा पत्रा बांधला गेला. क्रमांक मिळाला की रोप शासनाची मालमत्ता होते, आणि त्याच्या भोवतालच्या गवतालाही विळा लावता येत नाही. न जाणो, गवताबरोबर मालमत्ता कापली जायची. तीन पावसाळ्यांत गवत कमरेच्या वर गेले. रोपे त्यात कुठे आहेत हे पत्रे उन्हात चमकले तरच कळे.

वनरक्षक बाईंनी गवत कापून जाळण्याची परवानगी मागणारे पत्र लिहिले. दीड महिन्याने उत्तर आले. ते त्यांनी कार्यालयाच्या व्हरांड्यात उभ्यानेच वाचले आणि तसेच आत जाऊन मुख्य लिपिकाच्या टेबलावर ठेवले. या गृहस्थांना सगळे जावकभाऊ म्हणत, कारण कोणताही कागद विचारला की तो जावक झाला आहे, एवढेच ते सांगत.

"भाऊ, हे काय लिहिलंय? वाचा जरा मोठ्यानं."

जावकभाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "'सदर रोपवनाचे वणव्यापासून संरक्षण व्हावे यासाठी रोपवनाभोवती जाळरेषा काढण्यात यावी.' बरोबरच आहे की."

"अहो, रोपवन जाळरेषेवर आहे!"

"मग तिच्याभोवती काढा."

"एका बाजूला जंगल आहे, दुसऱ्या बाजूला घरं आहेत. घरं पाडू?"

"ते पाडण्याचं खातं वेगळं," जावकभाऊ गंभीरपणे म्हणाले. "बाई, मला का छळता? मला दिसत नाही का? माझी बहीण त्याच वस्तीत दिलीय. पण साहेबांनी बाराशे रोपं जिवंत म्हणून वर कळवलीत. आता त्यांना मरायची परवानगी कोण देणार?"

साहेब वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली, सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि हा प्रश्न आपल्या पातळीवरचा नाही, असे मनापासून दुःखी होऊन सांगितले. वरच्या साहेबांनीही तसेच सांगितले असते. त्या खात्यात प्रत्येक प्रश्न कुणा दुसऱ्याच्या पातळीवर असे, आणि आग मात्र जमिनीच्या पातळीवर लागे.

ती लागली चैत्र संपता संपता, भर दुपारी. टेहळणीच्या मनोऱ्यावरून फोन आला तेव्हा वनरक्षक बाई आत्याच्या ओसरीवर पाणी पीत होत्या. वडील गेल्यावर याच आत्याने त्यांना वाढवले होते. वस्तीत जंगलाकडचे शेवटचे घर आत्याचे, आणि तिथल्या बायकांनी वणव्याशी लढायला जी टोळी उभी केली होती तिची मुकादमही आत्याच. वर्षातून दोनदा ती सगळ्यांकडून सराव करून घेई आणि उशिरा येणारीचा उद्धार करी.

अर्ध्या तासात बायका-पुरुष मिळून चाळीस जण पट्ट्याच्या कडेला आले. हातांत कुदळी, खोरी, ओल्या पाल्याच्या फांद्या, भिजवलेली पोती. जंगलात ज्वाळा वाळलेल्या पानांवरून सरळ वस्तीकडे येत होत्या. फांद्यांनी झोडपून ही आग विझणारी नव्हती. मध्ये एकच गोष्ट होती, आणि तिच्यावर कमरेएवढे वाळलेले गवत उभे होते.

"बोल बाई, काय करायचं?" आत्याने विचारले.

"घरांच्या बाजूनं हातभर जमीन खरवडून घ्या. माती दिसली पाहिजे. मग पट्टा आपणच पेटवायचा. ती इथं यायच्या आत."

"शासनाची झाडं?"

"हो. शासनाची झाडं."

चाळीस खोरी एकदम चालू लागली. आत्याने हात पुढे केला. "काडेपेटी आण इकडे. मला कुणी निलंबित करू शकत नाही."

"तुला अटक करतील, आत्या. मला नुसतं निलंबित करतील."

"लई कौतुक नोकरीचं! बापाच्या जागी लागलीस म्हणून विचारतेय. जाईल ती."

"ठाऊक आहे. बाजूला हो."

पण काडी लगेच ओढता येत नाही. वारा अजून वस्तीकडे वाहत होता. त्या वेळी पेटवले असते, तर बाईंनी स्वतःच्या हाताने घरे जाळली असती. मोठी आग पुरेशी जवळ आली, की ती भोवतालची हवा स्वतःकडे ओढून घेते, आणि जमिनीलगतचा वारा उलटतो. तेवढी एकच घटका हाती असते. आत्या मुठीत गवताचा भुसा घेऊन उभी राहिली आणि पुन्हा पुन्हा तो हवेत सोडू लागली. भुसा तिच्याच पदरावर येऊन पडत होता. उष्णतेने सगळ्यांचे चेहरे ओढले गेले. दोन माणसे मागे पळाली. एक शरमून परत आला.

मग भुसा पदरावर पडला नाही. तो जंगलाकडे गेला.

"आता!" आत्या ओरडली.

बाईंनी गवत पेटवले, आणि एकीच्या पुढे एक धावत बायकांनी पलित्यांनी ती आग पट्ट्याच्या टोकापर्यंत नेली. ती जंगलाकडे चालत गेली, मोठ्या आगीला मध्येच भेटली, आणि दोन्ही एकदम उंच उठून बसल्या. इकडे उडालेल्या ठिणग्यांवर पोती पडत राहिली. संध्याकाळपर्यंत पट्टा काळा झाला होता. एका गोठ्याचे छप्पर गेले. माणूस एकही गेला नाही. बाराशे रोपांपैकी अकराशे आधीच वाळून गेलेली होती, हे जळल्यावर उरलेल्या पत्र्यांखालच्या काटक्या पाहून कुणालाही कळले असते. पण त्या पाहायला कुणी आले नाही.

चौथ्या दिवशी साहेबांनी बाईंना बोलावले. अहवाल टंकलेला तयार होता.

"वाऱ्यामुळं वणवा रोपवनात शिरला, रोपं जळाली, तुम्ही शर्थीनं वस्ती वाचवली. शिफारसही केलीय तुमची. करा सही."

"आणि पट्ट्याचं काय, साहेब?"

"पावसाळ्यात पुन्हा लागवड होईल. जागा तर आता अगदी मोकळी झालीय."

बाईंनी कोरा कागद मागून घेतला आणि उभ्यानेच लिहिले: आग मी लावली. ती जाळरेषेवर लावली. जाळरेषेवर रोपे कोणी व का लावली, हे मला माहीत नाही; चौकशी व्हावी.

साहेबांनी ते वाचले आणि खिडकीकडे पाहिले. "मला तुम्हाला निलंबित करावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय."

"मलाही कुणीतरी विचारेल आता," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा सुटका अधिक होती.

निलंबनाच्या आदेशाबरोबर आणखी एक आदेश निघाला, तो जावकभाऊंनी स्वतः वस्तीत आणून दिला. चौकशी पूर्ण होईपर्यंत घटनास्थळाच्या स्थितीत कोणताही बदल करू नये. लागवड अर्थातच थांबली.

"किती चालेल चौकशी?" आत्याने विचारले.

"आमच्याकडं?" जावकभाऊंनी बोटांवर काही हिशेब केला आणि सोडून दिला. "माझ्या निवृत्तीच्या आत नाही."

पावसाळा येऊन गेला. हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी आत्या टोळी घेऊन पट्ट्यावर उतरली. गवत गुडघ्यापर्यंत आले होते. नव्या वनरक्षकाने धावत येऊन आदेश दाखवला.

"अहो, बदल करायचा नाही असं लिहिलंय!"

"मग?" आत्या म्हणाली. "घटनेच्या दिवशी संध्याकाळी इथं गवत होतं का? नव्हतं. हे वाढलंय, हाच बदल झाला. तोच काढतोय आम्ही."

त्याने आदेश पुन्हा वाचला. दोष काढण्यासारखे काही सापडेना. शेवटी त्याने कागद खिशात घातला. पलीकडे वनरक्षक बाई, म्हणजे निलंबित वनरक्षक बाई, घरच्या साडीत वाकून गवत कापत होत्या. तो त्यांच्याजवळ गेला आणि पेटवायचे कोणत्या टोकाकडून, असे विचारू लागला.