परिशिष्टात नको

राग माझ्या नाकावरच असतो, पण त्या दिवशी कारणही तसंच होतं. २०१९च्या मार्चमध्ये मुंबईच्या एक मॅडम समलिंगी जगण्यावरच्या वैचारिक लेखांचं पुस्तक काढत होत्या. माझा लेख त्यांनी मागून घेतला आणि छापण्याआधी कागद दाखवायला आमच्या गावी, वेवजीला आल्या. बघते तर शहरातल्यांचे लेख 'सिद्धांत' विभागात आणि माझा शेवटी, परिशिष्टात: 'एका आदिवासी स्त्रीचा अनुभव'. कहर म्हणजे माझा मुद्दा मॅडमच्या प्रस्तावनेत, त्यांच्या नावावर!

मुद्दा साधा. कुडाच्या घरात लपायला जागा कुठे? मी आणि बारकी सात वर्षं एकत्र राहतो, हे सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. मग 'बाहेर येण्या'चं एवढं कौतुक कशाला? लग्नाच्या नाचात आपला हात कोण धरतं, ते खरं.

"जयश्री, तुझ्या लिहिण्यात सिद्धांताचा कोरडेपणा नाही गं," मॅडम म्हणाल्या.

"कोरडं करून देऊ?" मी विचारलं.

शेजारी लग्न होतं. माझी हिराआत्या धवलेरी, म्हणजे गाणी गाऊन लग्न लावणारी. मॅडमनी हौसेने फोन पुढे धरला. आत्या आधी म्हणाली, "ह्या गाना मला विवळवेढ्याच्या सुकीनं शिकवला." मगच गायली. शिकवणारीचं नाव घेतल्याशिवाय ती तोंड उघडत नाही.

"किती सुंदर विचार!" मॅडमनी वही काढली.

"घ्या लिहून. पण कोणाच्या नावावर?"

मॅडमचं पेन थांबलं. त्या ओशाळल्या. मग त्यांनी 'परिशिष्ट' खोडलं आणि प्रस्तावनेतल्या मुद्द्यापुढे माझं नाव लिहिलं. मला आभाळ ठेंगणं झालं.

गाणं संपवून आत्या चहाला बसली होती. ती म्हणाली, "आन तुला ता कोनी सांगला?"

नाचातल्या हाताची गोष्ट बारकीची. भात लावताना ती बोलली होती. मी फक्त लिहिली आणि खाली एकटीचं नाव टाकलं. ती समोर चहा गाळत गालात हसत होती. लबाड! सगळं कळत होतं तिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, अजून एक नाव. बारकी. माझ्या आधी."

"माझा नाव कशाला?" बारकी म्हणाली. "मला वाचताय येत नाय."

"मी वाचून दाखवीन."

लग्नघरी नाचासाठी तारपा वाजू लागला. बारकीने पदराला हात पुसले आणि सगळ्या पाड्यादेखत माझा हात धरला. मॅडम कडेला फोन घेऊन उभ्या होत्या. तिने दुसरा हात त्यांच्यापुढे केला.

"बाई, कडेला काय उभ्या? या ना मधे."