पर्णिकाच्या उत्तरपत्रिका

आखातातल्या अल कुसैसमधल्या त्या छोट्या प्राथमिक शाळेत शनिवारी सकाळी दहाला पालकांची सभा होती, आणि तिसरीच्या कमलिनीबाई आदल्या दिवसापासूनच धास्तावल्या होत्या. शाळा एका मोठ्या अकॅडमीच्या हवाली करायची की आहे तशीच ठेवायची, एवढाच प्रश्न. चालकांनी हात झटकून सांगितलं होतं, पालकांचं बहुमत पडेल ते आम्हाला मान्य. निर्णय अंगाशी यायची वेळ आली की सगळ्यांनाच लोकशाही आठवते, यांनाही आठवली.

बाईंची भीती मात्र वेगळी होती. या शाळेची जुनी पद्धत अशी की पहिलीला जी बाई मिळाली तीच चौथीपर्यंत वर्गाबरोबर वर चढते. पेपर तीच काढते, तीच तपासते. त्यामुळे तिसरीतल्या पर्णिकाला वाचता येत नाही, हे तिघींनाच ठाऊक होतं. पर्णिकाला, तिच्या आईला आणि बाईंना. परीक्षेत बाई तिला आपल्या टेबलाशी बसवत, प्रश्न हळूच वाचून दाखवत, पोरगी पटापट उत्तरं सांगे आणि बाई लहान मुलासारखं अक्षर काढून ती लिहीत. "मिस, यू रीड, आय टेल," पर्णिका म्हणायची. डोक्याने तल्लख होती हो. पण पानावरची अक्षरं समोर आली की तिचा चेहरा पडायचा.

ही फसवणूक आहे, हे बाईंना का कळत नव्हतं? पण पहिलीच्या वर्षी पर्णिकाची आई, लतिका, गेटपाशी त्यांचा हात धरून रडली होती. "बाई, ह्यांना कळू देऊ नका. थोरला दर्शन नापास झाला तर त्याला विट्याला आजोबांकडे पाठवून दिलं. आता तो फोनवर माझ्याशी चार शब्द बोलत नाही. हिलाही पाठवतील." त्या दिवशी बाईंना नाही म्हणवलं नाही, आणि एकदा सुरू केलेलं मग थांबवता आलं नाही.

अकॅडमी आली तर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाची वाचन चाचणी होणार होती. म्हणजे पोरीची रवानगी विट्याला. अकॅडमी नाही आली तर पर्णिका चौथीही अशीच पार करणार आणि पाचवीला दुसऱ्या शाळेत तोंडावर आपटणार. विचार करकरून बाईंचं डोकं पिकलं होतं.

सभेला अकॅडमीतर्फे आलेले मुश्ताकसाहेब गोड बोलणारे गृहस्थ होते. "नई लायब्ररी, नई बसें, तीन साल फीस नहीं बढ़ेगी," ते बोटांवर मोजत सांगत होते. "और जो बच्चे पढ़ने में पीछे हैं, उनके लिए अलग ट्रेंड टीचर."

मागून एका आईने विचारलं, वर्गाबरोबर चढणाऱ्या बाईंचं काय? शाळेतल्या आपल्या सणांचं काय? "वो सब हेड ऑफिस तय करेगा," साहेब हसून म्हणाले. मुख्याध्यापिका मनोरमाबाईंच्या कपाळावर आठी चढली. वीस वर्षं ही शाळा अंगाखांद्यावर वाढवलेल्या बाईने आता घंटासुद्धा हेड ऑफिसला विचारून वाजवायची. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच सभा चिघळत चालली.

तेवढ्यात पर्णिकाचे वडील उल्हास उठले. एसी डक्टची कामं घेणारा कॉन्ट्रॅक्टर. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या शब्दापुढे जायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या हातात रिपोर्ट कार्डं होती.

"हे बघा. माझ्या मुलीची दोन वर्षांची कार्डं. सगळीकडे ए. पोरगी लाजाळू, पण या कमलिनी मॅडमनी तिला ओळखलं, हाताला धरून लिहायला-वाचायला शिकवलं. पहिलीपासून एकच बाई, म्हणून हे जमलं. कशाला पाहिजे अकॅडमी? यल्ला, चला, हात वर करा आणि विषय खलास."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उल्हासच्या शेजारी बसलेली लतिका त्यांच्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको. गप्प बसलं तर सगळं वाचत होतं, नोकरी, इज्जत, पोरीचं आईजवळ राहणं. फक्त पोरगी अडाणी राहत होती, आणि तीही आपल्या हाताने. बाईंना स्वतःचीच चीड आली आणि त्या उठल्या.

"उल्हासभाऊ, ती कार्डं खोटी आहेत," त्या म्हणाल्या. "उत्तरं तिची, लिहिणं माझं. पर्णिकाला वाचता येत नाही. ती ढ नाही, तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार आहे. पण तिला ज्या पद्धतीने शिकवावं लागतं ती मला येत नाही. यांच्याकडे तशी शिक्षिका आहे. मला मत नाही, पण असतं तर मी यांना दिलं असतं."

हॉलभर कुजबुज उठली, मग आमच्या मुलांची कार्डं तरी खरी का? उल्हास हळूच खाली बसले. मग हात मोजले, आणि अकॅडमी चौदा मतांनी आली.

सभा संपल्यावर मनोरमाबाईंनी कमलिनीला ऑफिसात बोलावलं. "राजीनामा आजच दे. मी तुला वाचवू शकत नाही, आणि वाचवणारही नाही." नोकरी गेली म्हणजे व्हिसाही गेला, हे दोघींनाही माहीत होतं. बाईंनी कागद पुढे ओढला.

तोच उल्हास आत आले. कमलिनीकडे त्यांनी बघितलंही नाही. "पर्णिकाचा दाखला पाहिजे. पुढच्या आठवड्यात ती विट्याला जाईल."

"भाऊ, ती नवीन शिक्षिका येईपर्यंत तरी..."

"तुम्ही बोलूच नका."

मनोरमाबाईंनी दाखल्याचा अर्ज टेबलावर ठेवला. उल्हासनी पेन काढलं. मागून लतिका आली. ही आता आपल्याला शिव्या घालणार, असं बाईंना वाटलं आणि त्यांनी मान खाली घातली. पण लतिकाने तो अर्ज उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"बाईंनी लिहिलं ते माझ्या सांगण्यावरून," ती म्हणाली. "एक पोरगा तुम्ही पाठवलात, मी गप्प बसले. ही जाणार नाही. इथेच राहील आणि नव्या बाईंकडून वाचायला शिकेल."

"लतिका, घरी बोलू."

"घरी नाही. घरी तुम्ही बोलता आणि मी ऐकते. इथे बोलू, या दोघींसमोर."

उल्हासनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग खुर्ची ओढली आणि बसले.