बुजवलेला जिना

टेक्ससमधल्या टॉलिव्हर कौंटीच्या जुन्या कोर्टाचं छप्पर गळायला लागलं होतं. दुरुस्तीचा निम्मा खर्च राज्य सरकार देणार होतं, पण उरलेला निम्मा आणायचा कुठून? अशात एका वकिलाने निरोप आणला की कुणीतरी नाव न सांगता कौंटीचा सगळा वाटा उचलायला तयार आहे. अट एकच होती. बाहेरून कोर्टाच्या दालनातल्या सज्ज्यावर जाणारा, विटांनी बुजवलेला अरुंद जिना पुन्हा मोकळा करायचा.

कौंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची सभासद व्हर्ना स्टक्स हिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एके काळी त्या जिन्याने फक्त काळ्या माणसांना वर धाडत असत. पुढचा दरवाजा गोऱ्यांचा.

"ते दिवस परत हवेत अशी खाज कुणाला सुटलीय?" तिने भर सभेत विचारलं. "जज रॅस्को, तुझाच कुणी मित्र ना?"

"शपथेवर सांगतो, मलाही नाव ठाऊक नाही," मंडळाचा अध्यक्ष रॅस्को म्हणाला. तिथे अध्यक्षालाच जज म्हणत. "फुकटच्या घोड्याचे दात कशाला मोजतेस?"

"घोडा कुणाच्या तबेल्यातला ते तरी कळू दे! नाव कळेपर्यंत माझं मत नाही."

दोन दिवस तिला प्रत्येक श्रीमंत म्हाताऱ्याचा संशय येत राहिला. कॅफेत कुणी हसून नमस्कार केला तरी ती मनात म्हणे, हाच असणार. तिसऱ्या दिवशी वकिलाचा फोन आला, की देणगीदार भेटायला तयार आहेत, पण फक्त तुम्हाला.

वकिलाने दिलेल्या पत्त्यावर दार उघडलं ते ओडेसा प्रुइटने. नवऱ्यामागे त्याचा अंत्यविधीचा धंदा चालवून गावातल्या काळ्या माणसांना सन्मानाने शेवटचा निरोप देणारी बाई.

"तुम्ही? तुम्हाला तो जिना हवाय?"

"बसा आधी. चहा थंड चालतो ना?" ओडेसाने पेला पुढे केला. "माझ्या भावाला त्या कोर्टात शिक्षा झाली. आई वर सज्ज्यात होती. त्याला मिठी मारायला ती त्या जिन्याने उतरली, इमारतीला वळसा घालून पुढे आली, तोवर त्याला नेणारी तुरुंगाची गाडी निघून गेली होती. तो तुरुंगातच वारला."

"मग असली जागा राखायची कशाला?"

"तुम्ही भिंत नवी रंगवाल आणि नातवंडांना सांगाल, इथे सगळे एकत्र बसायचे. बाई, मला ते नकोय."

व्हर्नाने मान खाली घातली. आपण गावभर संशय घेत हिंडलो, पण विटांमागे काय आहे हे कधी कुणाला विचारलं नाही, हे तिला बोचलं.

सभेत तिने होकार दिला. एका सभासदाने टोमणा मारला, "काय व्हर्ना, घोडा पसंत पडला वाटतं?"

"तोंड सांभाळ," ती म्हणाली. नाव मात्र तिने सांगितलं नाही.

कोर्ट पुन्हा उघडलं त्या दिवशी ओडेसा पुढच्या दाराने आत आली आणि पहिल्या बाकावर बसली. वर जायला तिने नकार दिला. व्हर्ना एकटीच बाहेर गेली आणि भिंतीला खांदे घासत तो जिना चढली.