वरून घातलेलं मीठ

बाईंनी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी समोरच्याची चूक दिसली की त्यांची जीभ शिवशिवायची. जित्याची खोड, दुसरं काय! भाचीने त्यांना बळेच या सुट्टीवर धाडलं: आठ दिवस खेड्यात एका घरी राहायचं आणि घरच्यांबरोबर चुलीवरचा स्वयंपाक शिकायचा. "मावशी, तिथे कुणाचे पेपर तपासत बसू नकोस," असं तिने निघताना बजावलंही होतं.

घर नीटनेटकं होतं. पाहुण्यांसाठी तीन खोल्या, मागे अंगण, आणि धुराने काळवंडलेलं लांबट स्वयंपाकघर. तिथे राज्य घरमालकिणीचं, मोठ्या आईचं. वय सत्त्याहत्तर, पण कढई एका हाताने उतरवायची. पाहुणे यायचे ते तिच्या हातच्यासाठी. तिची सून खोल्या, बाजार आणि पाहुण्यांची पत्रं सांभाळायची आणि चुलीपाशी फक्त हमाली करायची. कांदे चिर, लाकूड आत सार.

"किती घालायचं?" विचारलं की मोठी आई म्हणायची, "हाताला कळतं." आता हे गणिताच्या बाईंना कसं पचावं? त्यांनी येताना छोटा वजनकाटा आणला होता. मोठ्या आईची मूठ उघडायच्या आत त्या खाली वाटी धरायच्या, वजन करायच्या, वहीत लिहायच्या. मोठी आई हसायची. "लिहा बाई, लिहा. माझा हात काही तुमच्या वहीत मावायचा नाही."

चौथ्या दिवशी घेवड्याचा रस्सा होता. मीठ बारा ग्रॅम भरलं. मोठी आई हात धुवायला अंगणात गेली तशी सुनेने झाकण उचललं, डब्यातलं मीठ घातलं, ढवळलं, चाखलं आणि झाकण ठेवून दिलं. आधीचे तीन दिवसही असंच झालं असणार, पण तेव्हा बाई वहीत तोंड खुपसून बसल्या होत्या.

जेवताना शेजारच्या खोलीत उतरलेला दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको रश्शाचं कौतुक करत होते. बाईंनी पेन्सिल काढली.

"मोठ्या आई, एक शंका. तुमचं मीठ बारा ग्रॅम. मग सूनबाईंनी वरून घातलं, तेही जवळजवळ तेवढंच असेल. ते कृतीत धरू ना?"

सुनेच्या हातातला डाव थांबला.

"कधी घातलंस?" मोठ्या आईने विचारलं.

"थोडंसंच, आई."

"आजच?"

सुनेने डाव पातेल्यात ठेवून दिला. मोठ्या आईने वाटीत रस्सा ओतून घोट घेतला, तोंडात घोळवला. मग दुसरा घेतला. वाटी खाली ठेवून ती अंगणात निघून गेली.

दुपारी सून भांडी घासत होती. बाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"गेल्या थंडीत ताप आला, त्यात त्यांच्या तोंडाची चव गेली. चाखून कळेना तसा हातही कमी पडायला लागला," सून म्हणाली. "पण हात बरोबर आहे, एवढ्या विश्वासावर त्या उभ्या होत्या. झाकली मूठ होती, बाई."

"फार माया आहे हो तुमची त्यांच्यावर."

"माया कसली? लग्नाला बारा वर्षं झाली. माझ्या हातच्या घासाला कधी बरं म्हणाल्या नाहीत. पण उगाच नावंही ठेवली नाहीत. चुकलं तेच चुकलं म्हणायच्या. त्यांनी एकदा छान म्हणावं, एवढंच वाटायचं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो एक प्रश्न गिळला असता तर काय बिघडलं असतं? वहीत बारा लिहिलं असतं, कृती चुकली असती. चुकू दे की!

दुसऱ्या दिवशी मोठी आई चुलीपाशी आलीच नाही. अंगणात शेंगा सोलत बसली. बाई तिच्यापाशी जाऊन खाली बसल्या.

"माझं चुकलं, मोठ्या आई."

"तुमचं काय चुकलं? बरोबर तेच बोललात."

बाईंनी चार शेंगा सोलल्या.

शेवटच्या दिवशीचं जेवण सुनेने एकटीने रांधलं. मोठी आई पहिल्यांदाच पाहुण्यांच्या पंगतीला बसली. रस्सा बुडाला लागला होता. बाईंना पहिल्याच घासाला कळलं. त्यांनी जीभ आवरली. सून सासूला वाढून नेहमीसारखी समोर उभी राहिली, काय चुकलं ते ऐकायला.

मोठ्या आईने सावकाश घास चावला. "छान झालंय," ती म्हणाली.

सुनेने मान खाली घातली.

"थोडं करपलंय, आई," ती म्हणाली.

"हो का?" मोठी आई म्हणाली. "तू म्हणतेस तर असेल." आणि तिने पुढचा घास घेतला.